सिंहलद्वीपातील गोमंतकीय संत : फादर जोसेफ वाझ

सतराव्या शतकात गोमंतकातील ख्रिस्ती धर्म हा राज्यकर्त्यांचा धर्म होता. सत्तेच्या छायेत वाढलेली श्रद्धा सत्तेचा आधार नसताना टिकेल काय, या प्रश्नाचे उत्तर एका गोमंतकीय धर्मगुरूने आपल्या आयुष्याने दिले. ते म्हणजे फादर जोसेफ वाझ.

२१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे त्यांचा जन्म झाला. घराणे सांकवाळचे, ब्राह्मण वंशपरंपरेचे. १६७६ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि सांकवाळला त्यांनी पाठशाळा काढली. वृत्ती मात्र अंतर्मुख, प्रार्थनेत रमणारी. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी स्वतःला मरियामातेचा दास म्हणून लेखी अर्पण केले. हे दास्य त्यांनी पुढे अक्षरशः आचरले.

त्या काळी युरोपीय धर्मसंघांची दारे एतद्देशीय धर्मगुरूंना बहुधा बंद असत. त्यांचे स्थान दुय्यमच मानले जाई. कानडा मुलखात तीन वर्षे सेवा करून परतल्यावर, १६८५ मध्ये वाझ जुन्या गोव्यातील काही गोमंतकीय धर्मगुरूंच्या लहानशा मंडळात सामील झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली या मंडळाने संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचे नियम स्वीकारले. कोणावरही टीका न करता, एतद्देशीयांनी स्वतःचा संघ समर्थपणे चालवून दाखवला. ही त्यांची धर्मसुधारणा.

सिंहलद्वीपाचा किनारा तेव्हा डचांच्या ताब्यात होता. कॅथलिक उपासनेला तेथे बंदी होती आणि सुमारे तीस वर्षे त्या समाजाला धर्मगुरू नव्हता. १६८७ मध्ये वाझ हमालाच्या वेषात, जॉन नावाच्या एका सेवकासह जाफन्यास उतरले. आजाराने खंगलेल्या अवस्थेत, गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. ज्या घरातले डोळे त्या माळेवर खिळत, ते घर आपले, हे त्यांना कळे. कुलीन घरातला पुत्र याचक झाला, तेव्हाच त्याला त्याची माणसे सापडली.

१६९२ मध्ये कँडीच्या बौद्ध राज्यात पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद झाली. त्या कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. १६९७ मध्ये देवीची साथ आली. लोक रोग्यांना टाकून पळू लागले, तेव्हा वाझ यांनी धर्म न विचारता त्यांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली. कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा विश्वास त्यांनी जिंकला, तो अशा सेवेने.

पुढे गोव्याहून त्यांचे सहकारी येत गेले. त्यांपैकी दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहलीत एवढी ग्रंथरचना केली की, सिंहली ख्रिस्ती वाङ्मयाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. परक्या भाषेला आपली मानल्यावाचून तिथल्या माणसांच्या मनात शिरता येत नाही, हे या गोमंतकीयांनी ओळखले होते. हिंदी भाषक इंदुरात, राजेंद्र नगरासारख्या वस्तीत आपली भाषा आणि ग्रंथ जपत शेजाऱ्यांच्या भाषेशी सख्य राखणाऱ्या मराठी वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे वाझ यांचे देहावसान झाले. १९९५ मध्ये त्यांना धन्य आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संत घोषित करण्यात आले. त्यांच्या समाधीची नेमकी जागा आज कोणालाच ठाऊक नाही. स्वतःला दास म्हणवणाऱ्याने मागे स्मारक ठेवले नाही. ठेवला तो तगून राहिलेला एक समाज.