वऱ्हाडचा कारकून, बंगालचा नाझिम

जाफराबादहून वऱ्हाडची हद्द जवळच. त्या वऱ्हाडच्या दिवाणाच्या हाताखाली मुहम्मद हादी यांनी हिशेब सांभाळला. दख्खनमधल्या हिंदू घरातले हे मूल. हाजी शफी या इराणी सरदाराने विकत घेऊन लेकरासारखे वाढवले. 

१७०० मध्ये औरंगजेबाने त्यांना बंगालची दिवाणी दिली. खजिन्यावरून शहजादा अजीम-उश-शानशी बिनसले, तेव्हा कचेरी ढाक्याहून भागीरथीकाठी मखसूसाबादला नेली. मुर्शिद कुली खान हा किताब मिळाला. गाव मुर्शिदाबाद झाले. १७१७ मध्ये ते बंगालचे नाझिम बनले. जमीनदारांकडून वसुली मात्र निष्ठुरपणे केली, हे झाकू नये. कुरआन शरीफच्या प्रती स्वतःच्या हाताने लिहीत. १७२७ मध्ये इंतकाल झाला. कबर कटरा मशिदीच्या पायऱ्यांखाली आहे. पायऱ्या चढणारे तिच्यावरूनच जातात.