एडवर्ड हॅमिल्टन एटकेन

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१६ ऑगस्ट १८५१, सातारा – १९०९, एडिनबरा) हे ब्रिटिश भारतातील मीठ व जकात खात्याचे अधिकारी, निसर्ग-अभ्यासक आणि विनोदी ललित लेखक होते. नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून झालेल्या 'एहा' या टोपणनावाने ते ओळखले जातात.

जीवन

त्यांचे वडील स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. एडवर्ड यांचे शिक्षण भारतातच, प्रामुख्याने वडिलांच्या हाताखाली झाले. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. व एम.ए. या पदव्या त्यांनी मिळवल्या. १८७० ते १८७६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते लॅटिन शिकवत असत. १८७६ मध्ये ते मीठ व जकात खात्यात रुजू झाले आणि खाराघोडा, उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द, मुंबई अशा ठिकाणी त्यांच्या बदल्या झाल्या. १९०३ मध्ये ते कराचीला गेले व १९०६ मध्ये निवृत्त झाले. सिंध प्रांताचे गॅझेटियर त्यांनीच सिद्ध केले.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ निसर्गप्रेमींनी 'बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याबरोबर एटकेन होते. संस्थेचे पहिले मानद चिटणीसपद त्यांच्याकडे आले.

लेखन

त्याच वर्षी 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सरहद्दीवरील लढाऊ टोळ्या हा तेव्हाच्या इंग्रजी राज्यकर्त्यांच्या नित्य चिंतेचा विषय होता. एटकेन यांच्या टोळ्या मात्र बंगल्यावर चालून येणारे उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे आणि वाळवी या होत. पुस्तकातील धुळकट 'डस्टीपूर' म्हणजे कच्छच्या लहान रणाकाठचे खाराघोडा. साहेबमंडळी वाघाच्या शिकारकथा लिहीत असताना भिंतीवरच्या पालीला स्वतंत्र प्रकरण देणे हे धाडसच होते. उपहासाच्या आड निरीक्षण मात्र काटेकोर आहे.

'बिहाइंड द बंगलो' (१८८९) या पुस्तकात हीच पद्धत त्यांनी धोबी, माळी, आया, भिस्ती या नोकरमाणसांना लावली. प्राण्यांच्या वर्णनात शोभणारा विनोद माणसांच्या बाबतीत मालकशाहीचा वाटतो आणि आजच्या वाचकाला खटकतो. 'अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल' (१८९४) उत्तर कानड्याच्या रानावर आधारलेले आहे. या प्रदेशातील फुलपाखरांच्या अळ्या व कोष यांवर त्यांनी जे. डेव्हिडसन व टी. आर. बेल यांच्यासह सोसायटीच्या नियतकालिकात शास्त्रीय लेख लिहिले.

ज्या डासांची त्यांनी पहिल्या पुस्तकात थट्टा केली होती, त्यांच्याच मागे पुढे त्यांना कामानिमित्त जावे लागले. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवताप का पसरतो याच्या तपासासाठी खात्याने त्यांना पाठवले. तेथे त्यांना ॲनोफिलीस डासाची एक नवी जात सापडली. तिला 'ॲनोफिलीस एटकेनी' असे नाव मिळाले.

'द कॉमन बर्ड्स ऑफ बाँबे' (१९००) हे पुस्तक मुंबईकरांच्या नेहमी दृष्टीस पडणाऱ्या पक्ष्यांविषयी आहे. मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी कोणती हे विचारण्यासाठी बालवयातील सलीम अली सोसायटीत गेले, तेव्हा चिटणीस मिलार्ड यांनी त्यांना वाचायला दिलेल्या पुस्तकांत हेही होते. एटकेन यांच्या उरलेल्या लेखांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९१४ मध्ये निघाला.