पाच वेळा ल मान्स जिंकली, तरी कंपनी बुडाली : बेंटली उभी करणाऱ्या माणसाला स्वतःचं नावही परत मिळालं नाही

बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हाची गोष्ट. हैदराबादच्या निजामाकडे एक पिवळीधमक रोल्स रॉईस होती. आजही ती चौमहल्ला पॅलेसमध्ये बघायला मिळते. त्या काळात राजेमहाराजांची गाडी म्हटलं की रोल्स रॉईसच.

पण तिकडे लंडनमध्ये एक माणूस या रोल्स रॉईसला घाम फोडत होता. त्याचं नाव वॉल्टर ओवेन बेंटली. लोक त्याला नुसतं डब्ल्यू. ओ. म्हणायचे.

त्याच्या गाड्यांनी जगातली सगळ्यात अवघड शर्यत पाच वेळा मारली. श्रीमंतांनी त्या गाड्यांवर जीव ओवाळून टाकला. आणि तरीही बारा वर्षांत कंपनीचं दिवाळं निघालं.

असं का झालं? त्यासाठी सुरुवातीपासून बघावं लागेल.

रेल्वेत कोळसा मारणारा पोरगा

डब्ल्यू. ओ. चा जन्म १८८८ चा, लंडनमधला. घरात नऊ भावंडं आणि हा शेंडेफळ. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण पोराला पुस्तकांपेक्षा रेल्वेच्या इंजिनाचं वेड. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागला. पाच वर्षं तिथे काढली. इंजिन खोलणं, जोडणं, भट्टीत कोळसा मारणं, सगळं शिकला.

पुढे मोटरसायकलच्या शर्यती केल्या, टॅक्सी कंपनीत गाड्यांची देखभाल केली. १९१२ मध्ये भावाला सोबत घेऊन डीएफपी या फ्रेंच गाड्यांची एजन्सी घेतली.

१९१३ मध्ये तो डीएफपीच्या कारखान्यात गेला होता. तिथल्या टेबलावर पिस्टनच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा एक पेपरवेट होता. त्या वेळी पिस्टन लोखंडाचे किंवा पोलादाचे असायचे. ॲल्युमिनियम वजनाला हलकं आणि उष्णता लवकर बाहेर टाकणारं. त्यात थोडं तांबं मिसळून पिस्टन बनवले तर? त्याने बनवून घेतले, आणि गाडी पळायला लागली.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ही युक्ती त्याने ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाला दिली. त्याने बनवलेली इंजिनं सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानांना बसली. त्याबद्दल सरकारने त्याला ८ हजार पौंडांचं बक्षीस दिलं.

पण युद्ध संपता संपता घर मोडलं. आपल्याकडे मानमोडी म्हणून जी साथ ओळखली गेली, त्याच फ्लूच्या साथीत १९१९ मध्ये त्याची बायको लिओनी गेली.

त्याच वर्षी बेंटली मोटर्स सुरू झाली.

पहिल्या दिवसापासून पैशांची चणचण

नोव्हेंबर १९१९ च्या लंडन मोटर शोमध्ये बेंटलीची चासी लोकांसमोर आली. बघणारे खूश झाले. आतलं इंजिन मात्र नुसतं दाखवण्यापुरतं होतं, कारण खरं तयारच झालेलं नव्हतं.

पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली ती १९२१ मध्ये. म्हणजे दोन वर्षं पगार चालू, सुटे भाग येतायत, आणि विक्री शून्य.

बेंटलीची खरी अडचण इथेच होती. एखाद्या साखर कारखान्याला पुरेसा ऊस मिळाला नाही तर काय होतं, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. बॉयलर पेटवायचा खर्च तेवढाच, कामगारांचा पगार तेवढाच, पोती मात्र कमी. गाडीचंही तसंच असतं. नवीन इंजिन तयार करायला जो खर्च येतो तो १०० गाड्या विकल्या काय आणि १ लाख विकल्या काय, फारसा बदलत नाही. फोर्डसारखी कंपनी तो लाखो गाड्यांवर वाटून टाकायची. बेंटलीने पहिल्या बारा वर्षांत मिळून बनवल्या सुमारे ३ हजार.

वर डब्ल्यू. ओ. चा हट्ट असा की माल उत्तमच हवा. गाडीला पाच वर्षांची गॅरंटी दिलेली. गिऱ्हाईक खूश, पण दुरुस्तीचा भार कंपनीवर.

शिवाय त्या काळी कंपनी फक्त चासी विकायची. वरची बॉडी गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडून बनवून घ्यायचं. म्हणजे गाडी महाग पडायची, पण त्यातले सगळे पैसे बेंटलीला मिळायचे नाहीत.

शर्यत जिंकली की गाडी विकली जायची

जाहिरातीला पैसा नव्हता. मग शर्यत हीच जाहिरात झाली.

फ्रान्समधली ल मान्स ही २४ तास चालणारी शर्यत. १९२४ मध्ये बेंटलीने ती जिंकली. पुढची दोन वर्षं हात रिकामे राहिले. १९२७ मध्ये तर रात्रीच्या वेळी बेंटलीच्या तिन्ही गाड्या एका अपघातात सापडल्या. त्यातली एक वाकडीतिकडी गाडी तशीच पळवत नेली आणि तिनेच शर्यत मारली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात जेवण ठेवलं, तेव्हा ती मोडकी गाडीही आत आणून उभी केली होती.

मग १९२८, १९२९ आणि १९३० अशी सलग तीन वर्षं बेंटलीच पहिली.

पण तोवर कंपनी डब्ल्यू. ओ. ची राहिली नव्हती. १९२६ मध्येच तिजोरीत खडखडाट झाला होता. तेव्हा मदतीला आला वुल्फ बार्नाटो. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर गडगंज झालेल्या बापाचा हा मुलगा. त्याने पैसा ओतला, कर्ज फेडलं आणि कंपनीचा मालक झाला. जुन्या भागधारकांच्या १ पौंडाच्या शेअरची किंमत १ शिलिंग झाली, म्हणजे विसावा हिस्सा. डब्ल्यू. ओ. आपल्याच कंपनीत नोकर झाला.

बार्नाटो नुसता सावकार नव्हता. १९२८ ते १९३० च्या तिन्ही विजयांत गाडी चालवणाऱ्यांमध्ये तो स्वतः होता.

चुकीच्या वेळी आलेली सगळ्यात चांगली गाडी

ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. जगभर मंदी आली. आणि बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर १९३० मध्ये, बेंटलीने आपली सगळ्यात मोठी गाडी आणली, ८ लिटर. नुसत्या चासीची किंमत १,८५० पौंड. बॉडी चढवूनही ताशी १०० मैल पळणारी, रोल्स रॉईसच्या फँटमला थेट आव्हान.

गाडी अप्रतिम होती, पण घेणारे कुठे होते? १०० गाड्यांवर काम थांबलं.

जुलै १९३१ मध्ये कर्जाचा हप्ता भरायची वेळ आली. या वेळी बार्नाटोने हात आखडता घेतला. कंपनीवर रिसिव्हर बसला.

नेपियर नावाची इंजिन कंपनी बेंटली घ्यायला तयार होती. डब्ल्यू. ओ. तिच्यासाठी नव्या गाडीचा विचारही करू लागला होता. पण कोर्टात ऐनवेळी ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट या अनोळखी संस्थेने जास्त बोली लावली. सव्वा लाख पौंडांच्या आसपास रक्कम देऊन बेंटली तिच्या घशात गेली.

या ट्रस्टमागे कोण होतं, हे नंतर उघड झालं. रोल्स रॉईस!

८ लिटरचं उत्पादन बंद झालं. डब्ल्यू. ओ. ची स्वतःची ८ लिटर गाडीही गेली. कराराने तो रोल्स रॉईसचा नोकर झाला, पण नवीन इंजिन बनवायचं काम त्याला कुणी दिलं नाही.

नाव गेलं, हात राहिले

१९३५ मध्ये करार संपताच तो लगोंडा या दुसऱ्या छोट्या कंपनीत गेला. तीही दिवाळ्यातून नुकतीच बाहेर आलेली. तिथे त्याने बनवलेल्या व्ही-१२ इंजिनाच्या गाड्या १९३९ च्या ल मान्समध्ये तिसऱ्या आणि चौथ्या आल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर लगोंडाने नव्या गाडीला बेंटलीचं नाव जोडायचं ठरवलं. रोल्स रॉईस कोर्टात गेली आणि जिंकली. स्वतः बनवलेल्या गाडीवर स्वतःचं आडनाव लावायचा हक्कही त्याला उरला नाही.

१९४७ मध्ये डेव्हिड ब्राऊन या उद्योगपतीने लगोंडा घेतली. त्याच वर्षी त्याने ॲस्टन मार्टिनही घेतली होती. लगोंडासाठी डब्ल्यू. ओ. च्या देखरेखीत बनलेलं सहा सिलिंडरचं इंजिन मग ॲस्टन मार्टिन डीबी२ ला बसलं. ती गाडी गाजली, पण तिच्यावर त्याचं नाव नव्हतं.

फेब्रुवारी १९७१ मध्ये एक बातमी आली. विमानाच्या नव्या इंजिनावर अतोनात खर्च करून रोल्स रॉईसचं दिवाळं निघालं होतं. ज्या कंपनीने चाळीस वर्षांपूर्वी बेंटली गिळली, तिलाच सरकारने वाचवावं लागलं.

ही बातमी आली तेव्हा डब्ल्यू. ओ. जिवंत होता. सहा महिन्यांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी तो गेला.

बेंटली आज फोक्सवॅगनच्या छत्राखाली आहे. मोठ्या घराचा आधार मिळाला म्हणून ती टिकली. बोनेटवरच्या पंखांमधलं ‘बी’ हे अक्षर मात्र अजून त्याच्याच आडनावाचं आहे.