गल्ली कासिम जानमधील तिरसट म्हातारा

मिर्झा गालिब म्हटला की मराठी रसिकांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. डोक्यावर उंच टोपी, हाती मद्याचा प्याला, मनात विरहाची वेदना आणि ओठांवर शेर. सोहराब मोदी यांच्या १९५४ मधील चित्रपटाने आणि गुलजार यांच्या १९८८ मधील दूरदर्शन मालिकेने हे चित्र घरोघरी पोहोचवले. मात्र, या चित्राच्या आड गालिबचे आणखी एक रूप दडलेले आहे. साठी गाठलेला, कानाने अधू, कर्जात बुडालेला आणि साऱ्या जगावर यथेच्छ करवादणारा हा म्हातारा त्याच्या गझलांपेक्षा त्याच्या उर्दू पत्रांत अधिक भेटतो. त्याची किरकिर वाचताना हसू येते आणि हसता हसता वाचक कधी गंभीर होतो, ते त्यालाही कळत नाही.

असदुल्ला खान ऊर्फ गालिबचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्याला झाला. घराणे तुर्की वंशाचे आणि पिढीजात पेशा शिपाईगिरीचा. वडील अब्दुल्ला बेग हे अलवरच्या चाकरीत असताना लढाईत मारले गेले, तेव्हा गालिब जेमतेम पाच वर्षांचा होता. पुढे काका नसरुल्ला बेग यांनी त्याचा सांभाळ केला. हे काका मराठ्यांच्या चाकरीत होते आणि आग्र्याचा कारभार पाहत होते. १८०३ मध्ये लॉर्ड लेकने आग्रा जिंकल्यावर ते इंग्रजांकडे गेले. १८०६ मध्ये हत्तीवरून पडून त्यांचाही अंत झाला. त्यांच्या पश्चात कुटुंबाला जे निवृत्तिवेतन मंजूर झाले, त्यात गालिबचा वाटा वर्षाला ७५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट रुपये ठरला. आपल्यावर अन्याय झाला आहे, खरा वाटा याहून मोठा आहे, ही तक्रार त्याने तेव्हापासून जी उराशी धरली ती अखेरपर्यंत सोडली नाही. या दाव्यासाठी त्याने थेट कलकत्ता गाठले. १८२८ च्या फेब्रुवारीत तो तेथे पोहोचला आणि १८२९ च्या अखेरीस रिकाम्या हाताने दिल्लीला परतला.

तेराव्या वर्षी त्याचा विवाह लोहारूच्या नवाब घराण्यातील उमराव बेगमशी झाला होता. त्यानंतर तो दिल्लीत आला आणि दिल्लीचाच झाला. सात अपत्ये झाली. एकही दीड वर्षांपलीकडे जगले नाही. पत्नीच्या भाच्याला, आरिफला, त्याने पुत्रवत मानले. तोही १८५२ मध्ये ऐन तारुण्यात गेला. आरिफची दोन पोरकी मुले गालिबच्या घरी वाढू लागली. मनुष्य कडवट व्हायला एवढे पुरेसे होते. गालिब कडवट झाला नाही. तो तिरसट झाला. कडवट माणूस इतरांना दूर लोटतो. तिरसट माणसाला मात्र आपली कुरकुर ऐकायला कोणीतरी लागते आणि गालिबला तर माणसांवाचून क्षणभरही करमत नसे.

त्याचा ताठा प्रसिद्ध होता. १८४२ च्या सुमारास दिल्ली कॉलेजात फारसीच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. गालिब पालखीत बसून मुलाखतीला गेला आणि इंग्रज सचिव स्वागताला बाहेर येईल म्हणून दारात थांबून राहिला. नोकरीसाठी आलेल्या माणसाचे दरबारी स्वागत होत नसते, असे त्या अधिकाऱ्याने समजावताच गालिबने उत्तर दिले, की नोकरी करायची ती इज्जत वाढावी म्हणून, आहे ती घालवण्यासाठी नव्हे. आणि पालखी आल्या पावली परत फिरवली. घरात पैशाची चणचण होती, तरी या निर्णयाचा त्याला पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही. पाच वर्षांनी, १८४७ मध्ये, घरी जुगार चालवल्याच्या आरोपावरून त्याला तुरुंगात जावे लागले. तीन महिन्यांनी सुटका झाली, परंतु त्या काळात कित्येक मित्रांनी पाठ फिरवली. ती सल कायमची राहिली.

अखेर १८५० मध्ये बहादूरशहा जफरने त्याला किताब दिले आणि तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्यासाठी वर्षाला ६०० रुपये नेमून दिले. १८५४ मध्ये प्रतिस्पर्धी जौकच्या निधनानंतर बादशहाच्या काव्यगुरूचे पदही मिळाले. आयुष्याची घडी बसते न बसते तोच १८५७ उजाडले.

बंडाच्या काळात गालिब आपल्या बल्लीमारान भागातील घरी दार लावून बसला. इंग्रजांनी सप्टेंबरमध्ये शहर परत घेतले, तेव्हा त्याच्या गल्लीतील हकिमांची पतियाळाच्या महाराजांशी असलेली बांधिलकी कामी आली. महाराजांच्या शिपायांनी गल्लीवर पहारा ठेवला. वेडसर झालेला धाकटा भाऊ युसूफ त्याच धामधुमीत गेला. गालिबला कर्नल ब्राऊनपुढे नेण्यात आले. तू मुसलमान आहेस का, या प्रश्नावर आपण अर्धेच मुसलमान असल्याचे त्याने सांगितले; दारू पितो, पण डुकराचे मांस खात नाही, असा त्याचा खुलासा होता. कर्नल हसला आणि गालिब सुखरूप घरी आला, असे त्याचा शिष्य व चरित्रकार हाली याने नोंदवून ठेवले आहे. ज्या दिवसांत विनाकारण माणसे फासावर जात होती, त्या दिवसांतला हा विनोद आहे. तो केवळ गमतीसाठी केलेला नव्हता.

त्यानंतर सुरू झाले ते गालिबचे खरे म्हातारपण. निवृत्तिवेतन बंद पडले. बादशहा रंगूनला हद्दपार झाला आणि त्यासोबत दरबारचा तनखाही गेला. घरातील कपडे आणि अंथरूण-पांघरूण विकून दिवस काढावे लागले. लोक भाकरी खातात, आपण कपडे खातो, असे तो या स्थितीचे वर्णन करी. १८५९ मध्ये रामपूरच्या नवाबाने महिना शंभर रुपये सुरू केले. मे १८६० मध्ये सरकारी निवृत्तिवेतनही पूर्ववत झाले आणि तीन वर्षांची २२५० रुपयांची थकबाकी हाती आली. ती सावकारांची देणी भागवण्यातच बहुतेक संपली.

याच काळात त्याने मित्रांना आणि शिष्यांना शेकडो पत्रे लिहिली. सिकंदराबादचा हरगोपाल तफ्ता, पानिपतला जाऊन राहिलेला मीर मेहदी मजरूह, लोहारूचा अलाउद्दीन अलाई ही त्यातील लाडकी नावे. त्या काळी पत्राचा आरंभ लांबलचक फारसी विशेषणांनी होत असे. गालिबने ती प्रथा बाजूला सारली आणि समोर बसून गप्पा माराव्यात तसे उर्दूत लिहायला सुरुवात केली. टपालवाला आला नाही तर दिवस वाया, उत्तराला उशीर झाला तर रुसवा, पत्ता लांबलचक लिहिला तर टोमणा. गालिबचे नाव आणि दिल्ली एवढे पाकिटावर पुरेसे आहे, असा त्याचा दावा असे आणि पत्रे खरोखरच पोहोचत.

या पत्रांतील तक्रारींची यादी कोणत्याही काळातील ज्येष्ठ नागरिकाला आपली वाटावी. पावसाळ्यात घराचे छत गळते. आभाळ दोन तास बरसले तर छत चार तास बरसते. नातवंडे दुपारी झोपू देत नाहीत, अनवाणी पायांनी बिछान्यावर नाचतात, पाणी सांडतात. ऐकू येत नाही, म्हणून भेटायला येणाऱ्यांना कागदावर लिहून द्यावे लागते. पुढचे दोन दात पडले आणि दाढी पांढरी झाली, तेव्हा त्याने दाढी राखली. पण दिल्लीत मुल्लापासून भिश्त्यापर्यंत जो तो दाढी आणि केस वाढवतो, हे लक्षात येताच त्याच दिवशी डोके तासून घेतले. चारचौघांसारखे दिसणे त्याला म्हातारपणीही मान्य नव्हते.

घरच्या आघाडीवरही हेच. उमराव बेगम धर्मनिष्ठ. नवरा मद्यपी म्हणून तिने आपली भांडी वेगळी ठेवली होती. एकदा नवे घर पाहायचे ठरले. बेगम पाहून आली आणि तेथे कसलीशी बला असल्याचे लोक बोलतात, असे तिने सांगितले. आपल्याहून मोठीही एखादी बला जगात आहे काय, असे गालिबने तिलाच विचारले. संसाराला तो बेडी म्हणे. परंतु साठ वर्षांच्या आसपास टिकलेला हा संसार दोघांनीही मोडला नाही.

मृत्यूशीही त्याचे असेच भांडण होते. अक्षरांच्या अंकमूल्यांवरून वर्ष काढण्याची फारसी कवींची जुनी रीत आहे. गालिब मेला, या अर्थाच्या दोन फारसी शब्दांची बेरीज १२७७ होते. त्यावरून हिजरी १२७७ मध्ये, म्हणजे १८६०-६१ मध्ये आपण मरणार, असे त्याने जाहीर करून टाकले. ते वर्ष आले, दिल्लीत पटकीची साथही आली आणि गालिब मात्र जिवंतच राहिला. शिष्यांनी छेडले, तेव्हा भाकीत खरेच होते, पण साथीत सर्वसामान्यांबरोबर मरणे आपल्या प्रतिष्ठेला शोभले नसते, असे कारण त्याने दिले. साथ ओसरली की पाहू, असेही वर सांगितले.

साऱ्या किरकिरीच्या तळाशी होती ती हरवलेली दिल्ली. बंडानंतर किल्ल्याभोवतालच्या वस्त्या आणि बाजार पाडण्यात आले. मुसलमान रहिवाशांना शहरात परतण्यास दीर्घकाळ मनाई होती. जामा मशीदही १८६२ पर्यंत लष्कराच्या ताब्यात होती. बाहेरगावी गेलेले मित्र दिल्लीची ख्यालीखुशाली विचारत आणि गालिब वैतागून जाई. १८५९ च्या अखेरीस मजरूहला लिहिलेल्या पत्रात त्याने पाच गोष्टींचा हिशेब मांडला आहे. लाल किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीपाशी रोज भरणारा बाजार, यमुनेच्या पुलावरची आठवड्याची सैर आणि फुलवाल्यांची वार्षिक जत्रा. या पाचांवर दिल्ली उभी होती. पाचही गेल्यावर दिल्ली कुठली, असा त्याचा सवाल होता. दुसऱ्या एका प्रसंगी मजरूहने दिल्लीच्या भाषेची स्तुती केली, तेव्हा गालिब त्याच्यावर चक्क उखडला. बोलणारी माणसे मेली किंवा परागंदा झाली, शहराची छावणी झाली, मग भाषा कोणाची, असे त्याचे म्हणणे होते. आमच्या वेळी असे नव्हते, ही म्हाताऱ्यांची नेहमीची तक्रार असते. गालिबच्या बाबतीत ती शब्दशः खरी होती.

वय वाढले तशी खुमखुमी कमी झाली नाही. गोवळकोंड्याला सतराव्या शतकात रचलेल्या एका प्रतिष्ठित फारसी शब्दकोशातील चुका काढणारे पुस्तक त्याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केले. विद्वानांचे मोहोळ उठले. प्रत्युत्तरे आली, निनावी शिव्यांची पत्रेही येऊ लागली. त्यातील एका पत्रात आईवरून शिवी होती. ती वाचून गालिबने लिहिणाऱ्याच्या अज्ञानाची कीव केली. लहान मुलाला आईवरून, तरुणाला बायकोवरून आणि म्हाताऱ्याला मुलीवरून शिवी द्यायची असते, एवढेही या मूर्खाला ठाऊक नाही, असे त्याचे मत पडले. एका टीकाकारावर मात्र त्याने १८६७ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि दुसऱ्या वर्षी तो मागे घेतला.

कुर्बान अली बेग सालिक या शिष्याला लिहिलेल्या एका पत्रात गालिबने आपल्या या स्वभावाचे मर्म उघड केले आहे. आपण स्वतःला परका माणूस समजतो आणि दुःख कोसळले की गालिबला आणखी एक जोडा बसला म्हणून मजा पाहतो, असे त्याने सांगितले. स्वतःला मोठा कवी म्हणवून मिरवणारा हा गृहस्थ आता सावकारांना तोंड देताना कसा दिसतो, हे तो स्वतःच प्रेक्षकात बसून पाहत होता. परिस्थिती बदलणे हाती नव्हते. तिच्याकडे कुठून पाहायचे, एवढेच काय ते हाती होते, आणि ते त्याने अखेरपर्यंत सोडले नाही.

शेवटची वर्षे गळवांनी आणि अशक्तपणाने खिळखिळी केली. मरण्यापूर्वी कर्ज फिटावे, म्हणून हा स्वाभिमानी माणूस रामपूरच्या नवाबाला विनवण्या करीत राहिला. तरी पत्रव्यवहार थांबला नाही. मृत्यूच्या आदल्या दिवशी, शुद्ध येत-जात असताना, त्याने अलाउद्दीनच्या पत्राचे उत्तर सांगून लिहवून घेतले. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी गालिबचे निधन झाले आणि निजामुद्दीन परिसरात लोहारू घराण्याच्या कबरस्तानात त्याला दफन करण्यात आले. त्याच्या निधनानंतर अवघ्या काही आठवड्यांत, मार्चमध्ये, त्याच्या पत्रांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. खासगी पत्रे छापायला त्याने एकेकाळी विरोध केला होता. उमराव बेगम पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, गेली.