सोन्याच्या तारेने दात बांधणारा वैद्य : अल्-झहरावी



संयुक्त अरब अमिरातीतील दुबई शहरात दरवर्षी दंतवैद्यांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. जबड्याच्या हाडात बसवायचे टायटॅनियमचे बारीक स्क्रू तेथे प्रदर्शनात मांडलेले असतात. त्या देशाची भाषा अरबी. याच भाषेत सुमारे १००० वर्षांपूर्वी एका वैद्याने, पडलेल्या दाताच्या जागी दुसरा कसा बसवावा, हे लिहून ठेवले. त्या थोर पुरुषाचा परिचय आज आम्ही करून देत आहोत.

अबुल कासिम अल्-झहरावी यांचा जन्म इ. स. ९३६ च्या सुमारास स्पेनमधील कोर्दोबाजवळच्या अल्-झहरा नगरात झाला. तेव्हा तेथे अरबांचे राज्य होते. नगराच्या नावावरूनच त्यांना झहरावी म्हणू लागले. युरोपात ते अबुलकासिस म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्या घरादाराविषयी फारच थोडी माहिती उरली आहे. त्यांची खरी ओळख त्यांच्या ग्रंथातूनच होते.

आयुष्यभर रोगी तपासून व शिष्य घडवून त्यांनी इ. स. १००० च्या सुमारास ‘अल्-तसरीफ’ हा ३० भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात सुमारे २०० हत्यारांची चित्रे आहेत. शिष्यांना ते आपली मुले म्हणत. हत्यार नुसते सांगून कळत नाही, डोळ्यांना दिसावे लागते, हे या गुरूने ओळखले होते. आम्हां शिक्षकांना ही गोष्ट विशेष भावते.

दातांविषयी त्यांचे विचार आजही पटण्यासारखे आहेत. दात दुखला की लगेच उपटू नये, आधी सर्व उपाय करावेत, असा त्यांचा आग्रह होता. दुखरा दात कोणता, याबाबत रोग्याचीही फसगत होते आणि अडाणी न्हावी चांगलाच दात काढून टाकतो, हा धोका त्यांनी दाखवून दिला. दातांवरचे कीटण खरवडण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या आकारांची हत्यारे दिली. हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या घट्ट दातांना बांधावेत, चांदी हिरवी पडते, सोने तसेच राहते, असे त्यांनी सांगितले. पडलेला दात पुन्हा जागेवर बसवून बांधावा, नाहीतर गाईबैलाच्या हाडाचा दात कोरून बसवावा, हेही त्यांनी लिहिले.

पण तो हाडाचा दात तारेच्या आधारानेच उभा राही. जबड्याचे हाड त्याला आपलेसे करीत नसे. हे कोडे सुटायला फार काळ लागला. स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली.

हे घडते कसे? स्क्रू बसवताच भोवती रक्त गोठते. त्यात पेशी येतात, कोवळे हाड तयार होते, मग ते हळूहळू पक्के होते. सुरुवातीचे काही आठवडे नाजूक असतात. जुने हाड झिजून स्क्रूची पहिली पकड थोडी सैल होते आणि नवे हाड अजून कोवळे असते. म्हणून कित्येकदा वरचा दात बसवण्यापूर्वी काही महिने थांबतात. पृष्ठभाग थोडा खरबरीत केला तर हाड लवकर धरते. हाडातल्याच खनिजासारख्या हायड्रॉक्सीअपॅटाइटचा लेपही देतात. त्याने हाड लवकर जुळते, परंतु काही जुने जाड लेप पुढे सुटल्याचे दिसले. उसाचे कांडे लावणाऱ्याला हे सांगायला नको. मूळ धरेपर्यंत ते उपटून पाहायचे नसते.

झहरावींच्या आयुष्याच्या अखेरीस कोर्दोबात यादवी माजली. अल्-झहरा नगर इ. स. १०१० च्या सुमारास लुटले गेले. १०१३ च्या सुमारास ते स्वतःही निवर्तले. नगराचे अवशेष उरले, पण ग्रंथ टिकला. १२ व्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला आणि युरोपातील शल्यवैद्य अनेक शतके त्यावर शिकले.

आपल्या बेटावर मधुमेह घरोघरी आहे, आणि तंबाखूचे व्यसनही सुटलेले नाही. या दोहोंमुळे हाड भरून यायला उशीर लागतो व रोवलेला दात निकामी होऊ शकतो. आपल्या आई-वडिलांना घेऊन दंतवैद्याकडे जाल तेव्हा रक्तातली साखर लपवू नका, व्यसन झाकू नका, आणि एका दिवसात दात देण्याच्या जाहिरातीला भुलण्याआधी हाड जुळायला किती काळ द्यायचा, ते विचारा. मुख्य म्हणजे, वाचवता येण्याजोगा दात आधी वाचवा. झहरावींची मूळ शिकवण हीच आहे.