प्रोफेसर मायकेल पुपिन

थोर पुरुषांच्या यशाचें बीज कोठें पेरलें गेलें, हें शोधण्याची आम्हांस मोठी हौस असते. बहुधा तें शाळेंत किंवा ग्रंथांत सांपडतें. परंतु ज्या शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याच्या बाबतींत तें एका कुरणांत, गुरें राखणाऱ्या पोरांच्या मेळ्यांत सांपडतें.

मायकेल पुपिन याचा जन्म बानात प्रांतांतील इद्वोर नांवाच्या खेड्यांत एका सर्बियन शेतकऱ्याच्या घरीं झाला. हें गांव तेव्हां ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत मोडत असे. आज तें सर्बियांत आहे. आईस लिहितांवाचतां येत नव्हतें. तथापि मुलानें विद्या मिळवावी ही तिची उत्कट इच्छा होती. उन्हाळ्यांत गांवचे बैल रात्रीं कुरणांत चरत व मुलें त्यांची राखण करीत. शेजारच्या मक्याच्या शेतांत चोर दबा धरून बसत. म्हणून मुलें एक युक्ति शिकलीं होतीं. एकानें सुरा जमिनींत रोवून त्यावर टोला मारावा आणि दुसऱ्यानें दूरवर भूमीस कान लावून तो ऐकावा. कुरणाच्या घट्ट जमिनींतून तो आवाज लांब जाई. नांगरलेल्या भुसभुशीत शेतांत मात्र जागच्या जागीं जिरून जाई. असें कां व्हावें, हा प्रश्न त्या बालकाच्या मनांत घर करून राहिला.

पुढें वडील वारले. १८७४ सालीं पुस्तकें व कपडे, फार काय पण मेंढीच्या कातड्याचा उबदार कोटही विकून त्यानें अमेरिकेचें भाडें उभें केलें, आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर तो उतरला तेव्हां खिशांत अवघे पांच सेंट होते! शेतावर मजुरी करावी, बिस्किटांच्या कारखान्यांत राबावें आणि रात्रीं अभ्यास करावा, असा क्रम कित्येक वर्षें चालला. १८७९ त कोलंबिया कॉलेजांत प्रवेश, १८८३ त पदवी, नंतर केंब्रिज, आणि १८८९ त बर्लिन येथें डॉक्टरेट, अशा पायऱ्या चढून पुपिन हे कोलंबिया येथेंच अध्यापक झाले.

१८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें रोंटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला, आणि थोड्याच आठवड्यांत पुपिन न्यूयॉर्क येथें त्याच किरणांवर प्रयोग करूं लागले. त्याच सुमारास एका शस्त्रवैद्यानें त्यांजकडे एक रोगी पाठविला. बंदुकीच्या अपघातांत त्याच्या डाव्या हातांत जवळजवळ शंभर बारीक छर्रे घुसले होते. ते काढण्यापूर्वीं कोठें आहेत हें दिसणें अवश्य होतें. परंतु छायाचित्राच्या काचेवरील पातळ थर फारच थोडे किरण टिपीत असे. बाकीचे आरपार निघून जात. यामुळें एका चित्रास जवळजवळ तासभर लागे, आणि वेदनांनीं व्याकुळ झालेल्या त्या रोग्यास तितका वेळ हात स्थिर ठेववेना.

एडिसन यांनीं पुपिन यांस कांहीं पडदे पाठविले होते. क्ष-किरण पडतांच ते चमकत. पुपिन यांनीं असा एक पडदा काचेवर ठेविला व पडद्यावर रोग्याचा हात ठेवविला. काच जे किरण टिपूं शकत नव्हती ते पडद्यानें धरले, त्यांचा प्रकाश केला, आणि त्या प्रकाशानें काचेवर चित्र उमटविलें. तासाचें काम कांहीं सेकंदांत झालें, आणि चित्रही सुरेख निघालें! पडद्याचा प्रकाश किंचित् पसरून बारीक रेषा थोड्या पुसट करतो, हें खरें. परंतु हललेल्या हाताच्या चित्रापेक्षां तें शतपटीनें बरें. हीच कल्पना तेव्हां इतर कांहींजणांसही सुचली होती.

या युक्तीनें केवळ वेळच वांचला असें नव्हे. हे किरण देहास अपाय करितात, हें तेव्हां फारसें कोणास ठाऊक नव्हतें. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांचे हात या किरणांनीं भाजून सडले आणि १९०४ सालीं ते मरण पावले. रोग्यावर पडणारे किरण घटविणें म्हणजे त्याचें रक्षण करणें होय, हें जगास अशा प्राणांचें मोल देऊन कळलें.

१८९६ हेंच वर्ष पुपिन यांस दारुण ठरलें. त्यांस न्युमोनिया झाला; पत्नीसही तोच रोग जडला व ती दगावली. पदरीं एक लहान मुलगी राहिली. क्ष-किरणांचें संशोधन त्यांनीं सोडून दिलें. परंतु कुरणांतील तो जुना प्रश्न सुटला नाहीं. तारेंत ठराविक अंतरांवर वेटोळीं बसविल्यास टेलिफोनचा क्षीण आवाज न जिरतां दूर जातो, हें त्यांनीं गणितानें दाखविलें व १९०० सालीं त्याचें पेटंट मिळविलें. त्यांच्या आत्मचरित्रास १९२४ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. १२ मार्च १९३५ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचें देहावसान झालें.

१९७१ सालीं लंडन येथें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें प्रथम एका रोग्याच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन घेतला गेला. या परीक्षेंत छातीच्या साध्या चित्राहून कित्येक पट किरण देहांत जातात. म्हणून जुना पेंच पुन्हा उभा राहिला. किरण वाढवावे तर अपायाची भीति. फार घटवावे तर चित्र रवाळ होऊन रोग नजरेंतून निसटतो, आणि परीक्षा पुन्हा केल्यास मात्रा दुप्पट होते. यासाठीं आतां देहाच्या जाडीप्रमाणें किरण कमीजास्त करितात, मुलांस बेतानेंच देतात, आणि चित्रांतील रवाळपणा संगणकाकडून गाळून घेतात. बहुतेक यंत्रांत किरणांचा आधीं प्रकाशच करितात, म्हणजे पुपिन यांच्या पडद्याचेंच तत्त्व तेथें नांदतें. प्रकाश न करितां एकेक किरणकण मोजणाऱ्या यंत्रास अमेरिकेंत २०२१ सालीं मान्यता मिळाली.

अधिक बळ लावून कार्य साधणें कोणासही सुचतें. जें हातीं आहे त्यांतलें वायां काय जातें हें पाहून तेवढेंच नीट धरावें, ही दृष्टि दुर्मिळ आहे. पांच सेंटांवर संसार मांडणाऱ्या या पुरुषास ती लाभली होती, आणि तिचें फळ आज लक्षावधि रोगी भोगीत आहेत. आमच्या विद्यार्थिबंधूंनीं हें चरित्र ध्यानीं ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.