हॅरिएट टबमनची झोप

झोपाळू माणसाची चेष्टा करायला आपल्याकडे कुणालाच संकोच वाटत नाही. घरातला विशी-पंचविशीतला मुलगा जेवताजेवता पेंगू लागला की कुंभकर्णाची आठवण निघते, आळशी म्हणून शिक्का बसतो आणि विषय संपतो. इथे कुवेतमध्ये तर रात्रपाळी आणि उन्हाळा ही कारणे तयारच असतात. पण रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसभर डोळ्यांवर झापड राहणे, बोलताबोलता डोळा लागणे, हा आजारही असू शकतो. तसा आजार घेऊन जगलेल्या एका बाईंची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

अमेरिकेतील मेरीलंड राज्यात १८२२ च्या सुमारास एका गुलाम कुटुंबात ती जन्मली. नाव अरामिंटा, घरी मिंटी. बारा-पंधरा वर्षांची असताना ती बकटाऊन गावच्या दुकानात गेली होती. तिथे एका मुकादमाने पळून जाणाऱ्या दुसऱ्या गुलामावर दोन पौंडांचे वजन भिरकावले. ते लागले मिंटीच्या डोक्याला. औषधपाणी काही झाले नाही. दोन दिवसांनी तिला पुन्हा शेतावर उभे केले.

तेव्हापासून तिच्यामागे लागली ती डोकेदुखी, झटके आणि झोप. काम करताना, चारचौघांत बोलताना ती एकदम झोपी जाई. कुणी कितीही हलवले तरी उठत नसे. थोड्या वेळाने आपोआप जागी होई आणि बोलणे जिथे तुटले होते तिथून पुढे सुरू करी. मालकाने तिला विकायला काढले, पण असा माल कोण घेणार? गिऱ्हाईक मिळाले नाही. या झोपेनेच तिला आईबापांजवळ ठेवले, असे आम्हाला वाटते.

त्या काळी या आजाराला नावही नव्हते. नार्कोलेप्सी हा शब्द फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी १८८० साली दिला. हॅरिएटला नेमके काय झाले होते हे आता तपासता येणार नाही; डोक्याच्या माराने जडलेला अपस्माराचा एक प्रकार असावा, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. नार्कोलेप्सी बहुधा ऐन तारुण्यात सुरू होते. ठरावीक वेळी घेतलेली छोटी झोप आणि औषधे यांनी आज ती बरीच आटोक्यात राहते. घोरण्याच्या विकारानेही दिवसा झोप येते. आपल्यापैकी ज्यांना फहाहीलच्या रस्त्यावर गाडी चालवताना डुलकी लागते, त्यांनी चहाच्या पेल्यावर विसंबू नये, डॉक्टरांना गाठावे.

मिंटीला डॉक्टर नव्हता. तिने घराबाहेरचे अंगमेहनतीचे काम पत्करले. लाकडे तोडली, ओंडके ओढले. मालकाला वर्षाची ठरीव रक्कम देऊन उरलेल्या कमाईतून स्वतःची बैलजोडीही घेतली. १८४४ मध्ये जॉन टबमन या स्वतंत्र काळ्या माणसाशी लग्न केले आणि हॅरिएट हे नाव घेतले. १८४९ मध्ये मालक मेला. आता आपली विक्री होणार हे ओळखून ती दोन भावांसह पळाली. भाऊ कचरले आणि तिलाही परत घेऊन आले. मग ती एकटीच निघाली आणि ध्रुवताऱ्याच्या दिशेने चालत फिलाडेल्फियाला पोचली.

वाटेत कुठेही झोप लागून पकडली जाण्याचा धोका असताना ती सुटली, हेच पुष्कळ होते. पण ती परत गेली, आणि एकदा नव्हे. पुढच्या दहा वर्षांत सुमारे तेरा खेपा करून तिने सत्तरएक माणसे सोडवली. (जुन्या पुस्तकांत तीनशेचा आकडा आढळतो, तो फुगवलेला आहे.) रात्री मोठ्या म्हणून ती हिवाळा निवडी. निघायची शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी सुट्टी आणि फरारी गुलामांची जाहिरात सोमवारपर्यंत छापली जात नसे. इथल्या हिशेबाने गुरुवारी संध्याकाळी निघावे तसे. तान्ह्या मुलांना गप्प ठेवायला अफूमिश्रित औषध असे, आणि तिच्याजवळ पिस्तूल.

आणि झोप? ती या खेपांतही येई. जंगलात, मागावर माणसे असताना, वाट दाखवणारीच निपचित पडे. सोबत्यांनी तिच्याभोवती बसून राहावे, ती उठेल तेव्हा निघावे, एवढेच हाती असे. त्यांचा जीव किती टांगणीला लागत असेल! पण तिच्याबरोबर निघालेले एकही माणूस कधी पकडले गेले नाही. झोपेत पडणारी स्वप्ने ती देवाचा इशारा मानी.

यादवी युद्धात, जून १८६३ मध्ये, कोंबाही नदीवरील मोहिमेत ती सैन्याची वाटाड्या झाली आणि सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. दहा वर्षांनी महात्मा जोतिराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच. हॅरिएटबाई तेव्हा न्यूयॉर्क राज्यात ऑबर्नला शेतीभाती करून राहत होत्या.

म्हातारपणी गंमत उलटी झाली. डोक्यातल्या कळा आणि घणघण यांमुळे बाईंना रात्री झोपच येईना. १८९० नंतरच्या दशकात, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डोक्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. भूल नाकारली. लढाईतल्या जखमी सैनिकांसारखी बंदुकीची गोळी दातांत धरली होती, असे सांगतात. त्यानंतर त्यांना बराच आराम पडला. १९०८ मध्ये त्यांच्या खटपटीने ऑबर्नला निराधार वृद्धांसाठी घर सुरू झाले. पुढे त्या स्वतःही तिथेच राहायला गेल्या आणि १० मार्च १९१३ रोजी न्यूमोनियाने वारल्या.